‘आपण’ जिंकलो म्हणजे नेमके कोण?

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हटले की समोरचा वगळला जातो. ‘आपण’ म्हटले की तो सामावला जातो. भाषेची ही श्रीमंती विश्वचषकाच्या दिवसांत मात्र आमच्यासारख्यांच्या मुळावर येते. ‘आपण जिंकलो’, ‘आपली फलंदाजी कोसळली’ अशा वाक्यांतून, ज्याने सामना पाहिलेलाच नाही त्यालाही न विचारता ‘आपण’मध्ये कोंबले जाते. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादेत भारत अंतिम सामना हरला, तेव्हा ‘तुम्हाला काहीच कसे वाटत नाही?’ हा प्रश्न अनेकांच्या वाट्याला आला असेल. त्यात आधी कीव असते, मग संशय.

गंमत अशी की, हा प्रश्न साहित्याच्या प्राध्यापकांकडूनही येतो. ‘कोसला’तल्या पांडुरंग सांगवीकरच्या तुटलेपणावर वर्षानुवर्षे व्याख्याने देणाऱ्यांना स्टाफरूममधला एक तुटलेला माणूस सहन होत नाही. परात्मता पुस्तकात असली की आशयसंपन्न, शेजारच्या खुर्चीत बसली की विक्षिप्त!

यावर ठरलेले उत्तर असते : खेळ माणसे जोडतो. जोडतो खरा, पण कोणाला, हे कोण ठरवते? मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत संघ धर्मावर बेतलेले होते. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपीय, आणि यांत न बसणाऱ्यांचा पाचवा संघ ‘इतरेजनां’चा. विजय हजारे ख्रिस्ती म्हणून या ‘इतरां’कडून खेळले आणि १९४३ साली हिंदू संघाविरुद्ध संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्यांनी काढल्या. त्याआधी दलित समाजातले पालवणकर बाळू हिंदू संघासाठी बळी मिळवत राहिले, पण त्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. म्हणजे ‘आपण’च्या आतही पायऱ्या होत्याच.

आमचे परकेपण हौसेचे आहे. आम्हाला फार तर टोमणे मिळतात. ‘उपरा’ लिहिणाऱ्या लक्ष्मण माने यांच्या पंक्तीला बसण्याचा आव आम्ही आणत नाही. पण ज्यांची निष्ठा धर्मावरून आधीच संशयित ठरवली जाते, त्यांना हे सर्वनाम महाग पडते. फेब्रुवारी २०२५मध्ये भारत-पाकिस्तान सामन्याच्या वेळी देशविरोधी घोषणा दिल्याचा आरोप झाला आणि मालवणमध्ये एका मुस्लिम भंगारविक्रेत्याचे दुकान लगोलग पाडले गेले. कारण अनधिकृत बांधकामाचे दिले गेले. आरोप सिद्ध होण्याची वाट कोणी पाहिली नाही.

म्हणून आमची उदासीनता ही निव्वळ आवडनिवडीची बाब आहे असे आम्ही मानत नाही. सामना न पाहण्याचा, हरल्यावर न हळहळण्याचा हक्क जिथे सुरक्षित नसतो, तिथे जल्लोषही पुरता स्वेच्छेचा उरत नाही. ज्यांना खेळात आनंद आहे त्यांनी तो मनसोक्त घ्यावा, ‘आपण’मध्ये येण्याचे आमंत्रणही द्यावे. नकार आला, तर समोरच्याला ‘आम्ही’ म्हणू द्यावे. भाषेने ती सोय करून ठेवलीच आहे. समाजाने ती काढून घेऊ नये.