नऊ नंबरचा शर्ट

कोलकात्याला पोस्टिंग आल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑफिसच्या बडाबाबूंनी मला विचारलं, "सर, बागान की ईस्ट बंगाल?" मी म्हटलं, कुठलाच नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू माझी मेडिकल कॅटेगरी खाली आली आहे.

आमचं ऑफिस फोर्ट विल्यममध्ये. आता त्याचं नाव विजय दुर्ग, आपल्या सिंधुदुर्गातल्या किल्ल्यावरून ठेवलेलं. टॅक्सीवाल्याला मात्र अजून जुनंच नाव सांगावं लागतं. किल्ल्याभोवतीचं विस्तीर्ण मैदान लष्कराच्या ताब्यात आहे आणि मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मडन स्पोर्टिंग या तिघांचे 'तंबू' त्याच जमिनीवर. क्लबहाऊसला इथे तंबूच म्हणतात. म्हणजे एका अर्थी आम्ही घरमालक. जुना हिशेब मात्र आमच्या बाजूचा नाही. २९ जुलै १९११ ला आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवलं. अकरापैकी दहा जण अनवाणी होते, बूट फक्त सुधीर चॅटर्जींच्या पायात. सेनापती शिवदास भादुरींनी बरोबरी साधली आणि अभिलाष घोष या सेंटर फॉरवर्डने विजयी गोल मारला. शहराने तो आपला विजय मानला आणि अजून मानतं. इन्फन्ट्रीवाला म्हणून मला हरलेल्या पलटणीबद्दल थोडी सहानुभूती वाटते, पण ही गोष्ट बडाबाबूंना सांगण्याची सोय नाही.

सध्या जून चालू आहे, २०२५ चा. हंगाम संपलाय, पाऊस आलाय, आणि अकरा वाजताच्या चहाला व्हरांड्यात एकच विषय आहे: ईस्ट बंगालने यंदा कुठला स्ट्रायकर आणावा?

चर्चेतली माणसं ठरलेली. बडाबाबू बागानचे, त्यामुळे त्यांना सल्ला द्यायला मोकळं रान. स्टाफ कारचा ड्रायव्हर ईस्ट बंगालचा, आजोबा फाळणीत पूर्व बंगालमधून आलेले, आणि क्लबबद्दल बोलताना त्याचा आवाज खाली येतो. एक मल्याळी नाईक, केरळ ब्लास्टर्सवाला. आणि आमचा कोल्हापूरचा हवालदार, ज्याच्या मते पाटाकडील तालीम सोडली तर जगात इतर क्लब हे सरावासाठी निर्माण झालेत.

नाईकाचं दुःख ताजं आहे. ग्रीसचा दिमित्रियोस दियामांताकोस २०२३-२४ मध्ये ब्लास्टर्सकडून १३ गोल मारून आयएसएलचा गोल्डन बूट घेऊन गेला, आणि लगेच ईस्ट बंगालने त्याला उचललं. इथे मात्र तेवढे गोल काही झाले नाहीत. त्याच उन्हाळ्यात बागानने ऑस्ट्रेलियाच्या ए-लीगचा सर्वाधिक गोल मारणारा जेमी मॅकलॅरेन आणला. या एप्रिलमध्ये बेंगळुरूविरुद्धच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत त्याच्याच गोलवर बागान चॅम्पियन झाला. शील्ड त्याआधीच खिशात होती. ड्रायव्हरचं म्हणणं, ग्रीकाला ठेवा पण सोबत दुसरा आणा. बडाबाबूंचं म्हणणं, ऑस्ट्रेलियात शोधा, आमचं पाहून तरी शिका. कोणी आफ्रिका म्हणतं, कोणी लॅटिन अमेरिका. महिनाभर मी हे ऐकतोय. एवढ्या नावांत एकही भारतीय नाव आलं नाही. कोणाला ते खटकलंही नाही.

मला खटकलं, म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट साफ करतो, नाहीतर कॉमेंटमध्ये आमचे काही निवृत्त साहेब 'स्वदेशी'चा झेंडा घेऊन येतील. बाहेरचा खेळाडू आणण्याला माझा विरोध नाही. या शहराने बाहेरच्यांवर जीव ओवाळून टाकलाय. १९८० मध्ये इराणचा मजीद बिश्कर ईस्ट बंगालमध्ये आला, सोबत जमशीद नासिरी. दोघंही अलीगढला शिकत होते. ज्यांनी मजीदला खेळताना पाहिलं ते आजही त्याच्याबद्दल बोलताना चहा थंड होऊ देतात. मग नायजेरियाचा चिमा ओकोरी. मोहन बागानने कित्येक दशकं परदेशी खेळाडू घेतला नव्हता, तो नेम १९९१ मध्ये चिमासाठी मोडला. मग ब्राझीलचा बारेटो, ज्याला बागानवाल्यांनी घरचाच करून टाकला. ही माणसं इथे आली, राहिली, इथल्या पोरांनी त्यांच्याकडे पाहून खेळ उचलला. सुनील छेत्री २००२ मध्ये बागानमध्ये आला तेव्हा कोवळा पोरगा होता, आणि समोर बारेटो होता.

त्या काळात बाहेरच्यांसोबत आपलाही नऊ नंबर असायचा. १३ जुलै १९९७, फेडरेशन कप उपांत्य सामना, सॉल्ट लेकला सव्वा लाखाहून जास्त माणूस. बागानचे प्रशिक्षक अमल दत्त आपल्या 'डायमंड' व्यूहरचनेवर खूश, ईस्ट बंगालचे पी. के. बॅनर्जी गप्प. बागानच्या बाजूला चिमा होता, त्याने गोलही मारला. पण सामना ४-१ ने ईस्ट बंगालने नेला आणि त्यातले तीन सिक्कीमच्या बायचुंग भुतियाचे. मी तेव्हा शाळेत होतो, दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं. ड्रायव्हरने तो सामना स्टेडियममध्ये पाहिलाय आणि तो हे दर आठवड्याला सांगतो.

आता आजचं बघा. आयएसएलचे २०१४ पासून अकरा हंगाम झाले. अकराही हंगामांत गोल्डन बूट परदेशी खेळाडूने नेला. एलानोपासून यंदा २३ गोल मारणाऱ्या मोरोक्कोच्या अजराईपर्यंत, एकही अपवाद नाही. पहिल्या हंगामात मैदानावर सहा परदेशी चालायचे, मग पाच झाले, २०२१ पासून चार. संख्या कमी झाली, पण क्लबांनी त्या चारातली एक जागा जवळजवळ कायम पुढे, नऊ नंबरला ठेवली. साधं गणित आहे. गोल महाग असतो, मालकाला निकाल हवा असतो, प्रशिक्षकाची नोकरी पाच सामन्यांची असते. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. केलंही आहे, पण त्यावर येतो.

मग भारतीय स्ट्रायकर जातो कुठे? बाजूला जातो. मनवीर सिंग भारताकडून मधोमध खेळतो, पण बागानसाठी उजव्या विंगवर पळतो. खुद्द छेत्री, ज्याच्या नावावर देशाचे सर्वाधिक गोल आहेत, तोही बेंगळुरूकडून डावीकडे खेळत असे, कारण मधे व्हेनेझुएलाचा मिकू होता. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला होता. व्यावसायिक क्लबांत गेल्यावर तोही बाजूलाच सरकला. आमचा हवालदार हे अगदी स्वतःच्या पुतण्यावर अन्याय झाल्यासारखं सांगतो: "साहेब, पोरगं गोल मारत हुतं, त्येला पळवायला लावलं."

सगळ्यात बोलकी गोष्ट कियान नासिरीची. मघाशी म्हटलं त्या जमशीदचा हा मुलगा. बाप ईस्ट बंगालचा परदेशी स्ट्रायकर, मुलगा कोलकात्यात वाढलेला भारतीय. जानेवारी २०२२, कोविडमुळे अख्खी लीग गोव्यात चाललेली, फातोर्ड्याला बंद दारामागे डर्बी. एकवीस वर्षांचा कियान बागानकडून बदली म्हणून उतरला आणि ईस्ट बंगालविरुद्ध हॅट्‌ट्रिक मारून गेला, ३-१. यानंतर कुठल्याही देशात त्या पोराला दहा सामने सलग मिळाले असते, वाईट खेळला तरी. इथे तो पुन्हा बाकावर, कधी विंगवर, आणि २०२४ मध्ये चेन्नईला. ईस्ट बंगालच्या स्वतःच्या घरात डेव्हिड लालह्लानसांगा आहे, २०२३ च्या ड्युरंड कपमध्ये सर्वाधिक गोल मारलेला मिझो मुलगा. व्हरांड्यातल्या महिनाभराच्या चर्चेत त्याचंही नाव आलं नाही.

याचं बिल कुठे येतं ते गेल्या तीन महिन्यांत दिसलं. मार्चमध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना, ३-० जिंकलो. गोल कोणाचे? मुंबईचा राहुल भेके, जो सेंटर बॅक आहे. लिस्टन कोलासो, जो विंगर आहे. आणि सुनील छेत्री, जो चाळीस वर्षांचा आहे आणि नऊ महिन्यांपूर्वी सॉल्ट लेकला निरोप घेऊन गेला होता. त्याला परत बोलवावं लागलं. त्यानंतर आशिया कप पात्रतेत बांगलादेशशी ०-०, आणि परवा १० जूनला हाँगकाँगकडून ०-१. दोन सामने, एक गोल नाही. छेत्री फौजीचा मुलगा, वडील ईएमईत होते, त्यामुळे त्याच्यावर आमचा जरा जास्तच जीव. पण चाळिशीतल्या माणसाला पुन्हा किट चढवायला लावणं ही त्याच्या फिटनेसची कमाल आहे, तशी आमची लाजही.

आता माझी कबुली. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी मेजर होतो, युनिट पूर्वेला, आणि फुटबॉल टीम माझ्याकडे. आमच्याकडे ईशान्येकडचा एक शिपाई होता. बारीक, अबोल, गोलसमोर थंड डोक्याचा. साखळीतले बहुतेक गोल त्याचे. उपांत्य सामन्याआधी मला झोप लागेना. मी एका कोर्समेटला फोन केला आणि सेंटरच्या टीममधून खेळलेला एक नाईक अटॅचमेंटवर मागवला. कागद दोन दिवसांत झाले. अशा वेळी फौजेत कागद फार वेगाने पळतात. नाईक आला, अंतिम सामन्यात दोन गोल मारले, ट्रॉफी आमची. सीओसाहेबांनी पाठ थोपटली. शिपाई दोन्ही सामन्यांत बाकावर. ट्रॉफी मेसमध्ये लागली, बहुधा अजून असेल.

पुढच्या वर्षी नाईक आपल्या युनिटला परत गेलेला. मी त्या शिपायाला बोलावलं, म्हटलं, चल, नऊ नंबर तुझा. तो सावधानमध्ये उभा राहून म्हणाला, "साहब, मैं अब बैक खेलता हूँ।" कंपनीच्या सामन्यांत तो वर्षभर मागे खेळला होता. मी हुकूम देऊन त्याला पुढे खेळवलं. गोलसमोर बॉल आला की तो बाजूला पास शोधायचा. पहिल्याच फेरीत आम्ही बाहेर. त्याला कोणी रागावलं नाही, रागावण्यासारखं त्याने काही केलंही नव्हतं. जे केलं होतं ते मी केलं होतं.

एलएमजीवर नंबर एक असतो आणि नंबर दोन. दोन मॅगझीन देतो, निरीक्षण करतो, आणि एक पडला तर गन घेतो. म्हणून रेंजवर दोघांनाही फायर करायला लावतात. नंबर दोनला वर्षभर फक्त मॅगझीन उचलायला लावलं तर ऐनवेळी त्याच्या हातात गन देऊन उपयोग नाही. एवढी साधी गोष्ट मला माहीत होती, रोज शिकवतही होतो, आणि ट्रॉफी समोर दिसल्यावर विसरलो.

म्हणून व्हरांड्यात परवा मी तोंड उघडलं. म्हटलं, ग्रीक ठेवा नाहीतर सोडा, पण यंदा परदेशी पैसा सेंटर बॅकवर आणि मिडफिल्डवर घाला, आणि डेव्हिडला सलग दहा सामने मधोमध खेळवा. नाही मारले गोल तर जानेवारीत काय हवं ते करा. बडाबाबू हसले. ड्रायव्हर हसला नाही. तो म्हणाला, "सर, शेवटची राष्ट्रीय लीग आम्ही २००३-०४ ला जिंकलो. माझा मुलगा त्यानंतर जन्मला, तो आता कॉलेजात आहे. त्याने सुपर कप पाहिला, लीग पाहिलीच नाही. तुम्ही म्हणता अजून दहा सामने थांबा."

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. वीस वर्षं थांबलेल्या माणसाला धीर धर म्हणायला मी कोण? देशाचा स्ट्रायकर घडवणं हे त्याच्या क्लबचं काम आहे असं कुठे लिहिलंय? प्रत्येक क्लबचा चाहता हेच म्हणेल आणि प्रत्येक जण बरोबर असेल. म्हणूनच हे एका क्लबवर सोडून चालणार नाही. लीगमध्ये चारचे तीन करा अशी मागणी होते, ती मला पटत नाही. तीन केले तरी तिसरा नऊ नंबरच असेल. पण देशांतर्गत कपांमध्ये करता येईल. ड्युरंड १८८८ पासून फौजेच्या घरातली स्पर्धा आहे. आयोजनाशी माझा काही संबंध नाही, हे निव्वळ वैयक्तिक मत, पण ड्युरंडमध्ये प्रत्येक संघाने सेंटर फॉरवर्ड भारतीयच खेळवावा, असा नियम किंवा निदान रिवाज पडला तर? मधोमध कोण खेळला हे कागदावर ठरवणं अवघड आहे, पळवाटा निघतील, मान्य. तरी पाच-सहा सामने त्या पोरांना सगळ्यांसमोर चुकायला मिळतील. संतोष ट्रॉफीत परदेशी नसतातच, आणि तिथे २०२४ च्या मार्चमध्ये आपल्या सर्व्हिसेसने गोव्याला १-० हरवून सातव्यांदा करंडक घेतला.

हवालदाराने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, बाहेरचा आणला की जिंकतंय, खरं आपली पोरं बाकावर बसत्यात. आमच्याकडं बी तेच चाललंय." पेठेतल्या संघांतही आता बाहेरचे खेळाडू येतात. मी विचारलं, मग पाटाकडीलने काय करावं? तो जरा थांबला. यंदा शिवाजी तरुण मंडळाला हरवायचं असेल तर, म्हणाला, एक नायजेरियन लागलंच.

बडाबाबूंनी चहा मागवला. ड्रायव्हरने मोबाईल पुढे केला, कुठल्याशा स्ट्रायकरचे गोल, मागे जोरात गाणं. "सर, हा कसा वाटतो?"

मी पाहिलं. पोरगा चांगला होता.