दिवाळं, कर आणि आपली सही



मागच्या महिन्यात बस्तीतून बाहेर पडताना ओळखीची एक सून माझ्याजवळ आली. चपला शोधायचं निमित्त करून हळूच म्हणाली, "काकू, तुमच्याकडे ते जीएसटीचं झालं होतं ना? आमच्याकडे आता झालंय." आणि लगेच तिने मागे वळून बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मला त्या वळून बघण्याचंच जास्त वाईट वाटलं. आपल्याकडे कुणाला शुगर निघाली, तर चार घरांतून पथ्याचे सल्ले येतात. धंदा बुडाला की तीच चार घरं आवाज खाली आणतात. म्हणून लिहायला बसले. ह्यांना विचारूनच लिहितेय. ते म्हणाले, "लिही, आता लपवायला काय उरलंय?"

आमचं सांगलीत प्लायवूडचं दुकान होतं. ऑगस्ट २०१९ चा पूर तुम्हाला आठवत असेल. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. आम्ही घरच्या गच्चीवर आणि माल दुकानात पाण्याखाली. प्लायवूडला पाणी लागलं की त्याचा एकेक थर सुटतो, मग तो जळणालाच उपयोगी. ढोबळमानाने ५० लाखांचा माल गेला. विम्याचे आले ते त्याच्या चौथ्या हिश्शाएवढेसुद्धा नव्हते.

आता कराचं सांगते. माल घेताना आपण भरलेला कर, माल विकताना भरायच्या करातून वजा होतो, त्याला क्रेडिट म्हणतात. पण माल विकलाच गेला नाही, नष्ट झाला, तर ते क्रेडिट परत करावं लागतं. कायद्याच्या १७(५) कलमात ते स्पष्ट लिहिलेलं आहे. १८ टक्क्यांनी आमचे ९ लाख झाले. हे आमच्या कर सल्लागारांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. ज्याचा माल पुरात गेला त्याच्याकडूनच त्या मालाचा कर परत मागायचा, हे मला आजही कठोर वाटतं. पण मला कठोर वाटतं म्हणून तो कायदा नाही, असं काही होत नाही.

दुसरे ८ लाख मात्र पुराचे नव्हते. ते २०१८-१९ चे. ह्यांचं म्हणणं, कॉन्ट्रॅक्टर लोकांनी बिलं थकवली आणि जीएसटी तर बिल फाडलं की भरावा लागतो, पैसे येवोत न येवोत. हे खरंच आहे, छोट्या व्यापाऱ्याचा गळा इथेच आवळला जातो. पण नंतर मी स्वतः वह्या उघडल्या तेव्हा दिसलं की सगळीच बिलं थकलेली नव्हती. बरेच पैसे आले होते आणि गेलेही होते.

कुठे गेले? त्या वर्षी जवळच्या एका गावी पंचकल्याणक पूजा होती. आम्ही बोली घेतली आणि सौधर्म इंद्र-इंद्राणी म्हणून बसलो. आकडा लिहीत नाही. मी मुकुट घातला होता, हत्तीवरून मिरवणूक निघाली, फोटो अजून कपाटात आहेत. त्या दिवसांत माझ्याइतकी सुखी बाई दुसरी नसेल. आणि त्यातला काही पैसा गिऱ्हाइकाने सरकारसाठी आमच्या हातात दिलेला होता.

लहानपणी पाठशाळेत आपण अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार पाठ केले. त्यातला एक विरुद्धराज्यातिक्रम. राज्याचे नियम चुकवून व्यापार करणं, जकात बुडवणं, असाच अर्थ आपल्याला शिकवला होता. तत्त्वार्थसूत्र येणाऱ्या घरात हे झालं. धर्माला पैसा देऊ नये असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की बोली घ्यायच्या आधी नवऱ्याला विचारा, यंदाचा कर भरून झालाय का? आणि बोली पुकारणाऱ्यांनीही कुणाला इतका चढवू नये. मंडपात शेजारचा बोली वाढवतो तेव्हा माणसाला वही आठवत नाही.

पुढे कोरोना आला, २०२१ ला पुन्हा पाणी आलं, आणि २०२२ ला दुकान बंद झालं. नोंदणी रद्द केली. सल्लागारांची फी थकली होती, त्यांनी आमचं काम सोडलं. आम्हाला वाटलं, दुकान बंद म्हणजे कर बंद. नोटिसा मात्र पोर्टलवर येऊन पडत होत्या. पोस्टमन नाही, पाकीट नाही. एक आदेश एप्रिल २०२४ चा, दुसरा ऑगस्टचा. आम्हाला कळलं डिसेंबरमध्ये, मी बँकेत ४,००० रुपये काढायला गेले तेव्हा. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "काकू, खात्यावर जप्ती आहे." ह्यांचं नाही, माझं खातं.

का? कारण दुकान भागीदारीत होतं आणि दुसरी भागीदार मी. मी शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम., १९८१ ची. १९३२ चा भागीदारी कायदा मी परीक्षेला लिहून आलेय. भागीदाराची जबाबदारी अमर्याद असते हे वाक्य मला झोपेतही म्हणता आलं असतं. आणि तरीही हे म्हणाले "इथे सही कर", मी कणकेचा हात पुसला आणि सही केली. जीएसटी कायद्याच्या ९० व्या कलमाने फर्मच्या करासाठी सगळे भागीदार एकत्र आणि एकेकटेही जबाबदार. भागीदारीतून बाहेर पडलात तरी महिन्याच्या आत खात्याला कळवावं लागतं, नाहीतर कळवेपर्यंतचा बोजा डोक्यावर राहतो. तुमच्यापैकी कितीजणी कागदावर भागीदार आहात, एकदा घरी विचारा. उत्तर ऐकून काहीजणी चमकतील.

त्या संध्याकाळी मी हिशेब मांडला. मूळ कर १७ लाख. १८ टक्क्यांनी ढोबळ ५ वर्षांचं व्याज १५ लाख ३० हजार. १० टक्के दंड १ लाख ७० हजार. एकूण ३४ लाख. कराएवढाच दुसरा कर होऊन बसला होता. त्याशिवाय बँकेचे ९ लाख, माल देणाऱ्यांचे ५ लाख, आणि नात्यातल्या सात जणांकडून घेतलेले हातउसने १४ लाख.

ह्यांनी त्या रात्रीपासून बोलणं सोडलं. सकाळी अंघोळ नाही, अभिषेक नाही. जो माणूस चाळीस वर्षं देवदर्शनाशिवाय चहा घेत नव्हता, तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. एकदा रात्री दोनला जाग आली तर अंथरूण रिकामं. गच्चीत होते, कठड्यापाशी. मी काही बोलले नाही, शेजारी जाऊन उभी राहिले. थंडी खूप होती. अर्ध्या तासाने म्हणाले, "चल खाली." दुसऱ्या दिवशी मी मुलाला पुण्याहून बोलावलं आणि ह्यांना मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. आठ महिने गोळ्या चालल्या. माझी अक्का म्हणाली, "डॉक्टर कशाला, सामायिक वाढवायला सांग." अक्काचा मान ठेवून सांगते, जो माणूस उठून बसू शकत नाही तो सामायिकाला कसा बसेल? आधी गोळी, मग झोप, मग सामायिक. ह्याच क्रमाने ते परत आले. तुमच्या घरी असं काही जाणवलं तर लाज धरू नका. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या नंबरवर आहे, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

वकिलांकडे गेलो तेव्हा ह्यांचा पहिला प्रश्न, "नादारी जाहीर करून टाकली तर सुटतो का?" बहुतेकांना तसंच वाटतं. जुने लोक सांगत, व्यापाऱ्याने दिवसा दुकानात दिवा लावून ठेवला की दिवाळं निघालं, संपला विषय. आजचा कायदा तसा नाही. २०१६ चा नवा कायदा कंपन्यांना लागू झाला, पण आपल्यासारख्या साध्या व्यापाऱ्याचा त्यातला भाग अजून सुरूच झालेला नाही. कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच तो चालू आहे. आपल्यासाठी जिल्हा न्यायालय आणि इंग्रजांच्या वेळचा १९२० चा नादारी कायदा. त्यातही न्यायालयाने मुक्त केलं तरी सरकारचं देणं माफ होत नाही. ४४ व्या कलमात ते पहिलंच आहे. म्हणजे उसने देणारा नातेवाईक बुडतो, कर मात्र मानेवरच राहतो. वकिलांनी हे सांगितल्यावर मी ह्यांच्याकडे बघितलं. "नको," ते म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांनी स्वतः काहीतरी ठरवलं होतं.

आमच्या नशिबाने तेव्हा २०१७ ते २०२० या तीन वर्षांसाठी सवलत चालू होती. साध्या, म्हणजे फसवणुकीचा आरोप नसलेल्या ७३ कलमाच्या मागणीतला मूळ कर ३१ मार्च २०२५ पर्यंत पूर्ण भरला, तर व्याज आणि दंड माफ. ३४ चे १७ झाले. दुकानाचा गाळा ३१ लाखांना गेला, घाई नसती तर ४० आले असते. १७ कराला, ९ बँकेला, ५ माल देणाऱ्यांना. हात रिकामे. ती सवलत आता संपली. पण ८० व्या कलमाखाली अर्ज करून जास्तीत जास्त २४ महिन्यांचे हप्ते मागता येतात. आपणच रिटर्नमध्ये दाखवलेल्या कराला ते मिळत नाहीत, आणि एक हप्ता चुकला की सगळी रक्कम एकदम देय होते. अपिलाला तीन महिने असतात, फार तर आणखी एक. म्हणून पोर्टल बघत राहा. दुकान बंद झालं तरी पासवर्ड घरातल्या दोघांना माहीत असू द्या.

घाबरून जे करू नये तेही सांगते. माझ्या दिरांनी सुचवलं, घर रातोरात मुलाच्या नावावर करा. खात्याला बुडवण्यासाठी केलेलं असं हस्तांतर रद्दबातल ठरतं, वर मुलगाही गुंततो. आम्ही केलं नाही. बायकांना वाटतं सगळंच उचलून नेतील. तसं नसतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमात जप्तीतून वगळलेल्या वस्तूंची यादी आहे. अंगावरचे लागणारे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्माच्या रिवाजाने बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. ती यादी वाचताना मला रडू आलं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी कागदावर आपल्या तव्याचा आणि मंगळसूत्राचा विचार केला होता. आणखी एक, नवऱ्याने विमा काढताना १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली काढला, तर तो पैसा बायको-मुलांचा, धनको त्याला हात लावू शकत नाहीत. मात्र तो धंदा ठीक असताना काढलेला हवा, देणेकऱ्यांना फसवायला नव्हे. आमच्या एजंटने कधी सांगितलं नाही. तुम्ही तुमच्या एजंटला विचारा.

सोन्याबद्दल माझं मत बऱ्याचजणींना पटणार नाही. पुरानंतर मी पाटल्या, तोडे, राणीहार काढून दिले. "सोनं अशाच वेळेसाठी असतं," सगळ्या म्हणाल्या. मलाही ते म्हणताना मोठेपणा वाटला. तारण कर्ज काढून दुकानात माल भरला, कर्ज फिटलं नाही, सोनं लिलावात गेलं. बुडणारं दुकान तेवढ्याने दीड वर्ष जास्त चाललं आणि तेवढाच कर अजून वाढला. तेच सोनं २०२५ ला हातात असतं तर गाळा घाईने विकावा लागला नसता. आजाराला, पोरांच्या शिक्षणाला, देणं मिटवायला द्या. पण धंदा चालू ठेवायला मागितलं, तर आधी म्हणा, वह्या दाखवा. सून असाल तर जरा गोड आवाजात म्हणा.

राहिले हातउसने १४ लाख. कायद्याने त्यांचा नंबर शेवटचा, आणि मला सगळ्यात जड तेच. त्यात एका मावशींचे ३ लाख आहेत. विधवा, वय ७८, मूलबाळ नाही. सरकारला आधी देऊन त्यांना मागे ठेवलं हे बरोबर होतं का, ह्यावर आमच्या घरात दोन मतं आहेत आणि दोन्ही माझीच आहेत. क्षमावाणीच्या दिवशी त्यांच्या पाया पडायला गेले तर म्हणाल्या, "क्षमा केली गं, पण पैसे?"

मुलगा घरखर्चाला पाठवतो. मी दोन दुकानांच्या वह्या लिहिते, त्यातून मावशींना महिन्याला ४,००० देते. मागच्या रविवारी बारावा हप्ता झाला. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, वहीत सही केली आणि विचारलं, "व्याज कधी धरायचं?" मी म्हटलं, "मुद्दल फिटल्यावर." त्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे अजून पाच वर्षं मला जगायला लागणार." मग उठून आत गेल्या आणि चहा ठेवला.