हारतुऱ्यांच्या गाडीत एक चाक ठेवा

हौशी सायकल शर्यतीत पंक्चर झालं की बघणारे ‘नशीब!’ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही.

आम्ही कन्नडची पोरं सराव करतो औट्रम घाटात. चाळीसगावच्या अंगाला उतरायचं आणि छाती फुटेस्तोवर परत चढायचं. त्यामुळे गेल्या शर्यतीत चढावर मी पुढच्या घोळक्यात टिकून होतो. वळणावर वाळू पसरलेली. पुढचा गडी घसरला. त्याला चुकवायला मी कडेला गेलो, तर बाभळीचा काटा मागच्या चाकात. ट्यूब बदलली, पण हवा भरतानाच तिचा व्हॉल्व्ह तुटला. आयोजकांची गाडी थांबली. आत हारतुरे, ट्रॉफ्या, पाहुण्यांच्या खुर्च्या. चाक नव्हतं. सगळा घोळका दिसेनासा झाला.

काटा हे नशीब, मान्य. झाडून न काढलेली वाळू आणि गाडीत नसलेलं चाक कुणाचं नशीब? वाटेत मदत न मिळणं ही तर जुन्या काळची गोष्ट.

1913 च्या टूर द फ्रान्समध्ये युजीन क्रिस्तोफच्या सायकलचा फोर्क तुर्माले घाटाच्या उतारावर मोडला. त्याने सायकल खांद्यावर घेऊन गावातलं लोहाराचं दुकान गाठलं आणि स्वतः फोर्क जोडला. तिथल्या पोराने भाता ओढला म्हणून वर दंड! बाहेरची मदत घ्यायची नाही, असा तेव्हा नियमच होता. आज तिथे कोणत्याही संघाच्या स्पर्धकाला चाक देणारी तटस्थ गाडी असते.

आपल्याकडे एवढा थाट नको. आयोजकहो, प्रवेशशुल्क घेता ना? मग आदल्या दिवशी वळणं झाडून घ्या आणि एका पिकअपमध्ये पंप, मेकॅनिक व चार चाकं ठेवा. हार थोडे कमी आणले तरी चालतील.