मी पाहिलेला नाणेघाट

आमच्या एम. ए.च्या वर्गाला महाराष्ट्राची भाषा व संस्कृती असा एक विषय आहे, आणि गेली चौदा वर्षे तो माझ्याच गळ्यात आहे. या विषयाबरोबर हस्तलिखित, भित्तिपत्रक, एखादे परिसंवादाचे गुऱ्हाळ आणि वर्षाकाठी एक अभ्याससहल अशी उपांगे येतात. त्यांतले हस्तलिखित मला मनापासून आवडते. सहल नाही. घरच्यांच्या परवानग्या, बटाटेवड्यांची मोजदाद आणि परतताना गाडीत एक डोके कमी भरणे, यांत अभ्यास नेमका कुठे बसतो हे मला अजून उमगलेले नाही.

यंदा मात्र वर्गानेच नाणेघाटाचा हट्ट धरला. दोष माझाच. सातवाहनांवर बोलता बोलता मी रंगात आलो होतो. कल्याण-सोपाऱ्याहून घाट चढून जुन्नरमार्गे पैठणला जाणारे व्यापारी, घाटातले ते लेणे, भिंतींवर ब्राह्मी लिपीत कोरलेला राणी नागनिकेचा प्राकृत लेख, आणि मागल्या भिंतीशी राजघराण्याचे पुतळे! राणीच्या मुद्रेवरचा करारीपणा तर मी असा काही रंगवला, की मागल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, तुम्ही पाहिलेत ते?"

"हो तर!" मी म्हणालो.

वाचकहो, मी नाणेघाट पाहिला नव्हता. पाहिली होती ती माझी टिपणे, आणि तीही पिवळी पडलेली. त्यांत 'पुतळे' एवढाच शब्द होता, मुद्रा माझी. 'नाही' म्हणायला दोनच अक्षरे लागतात, पण प्राध्यापकाच्या तोंडून ती सहसा बाहेर पडत नाहीत.

जुन्नर मागे पडले, घाटघर आले. पठारावर तो प्रसिद्ध दगडी रांजण पाहिला. यात म्हणे जकातीची नाणी पडत. मग खिंडीतून थोडे खाली उतरून आम्ही लेण्यात शिरलो. दोन्ही बाजूंच्या भिंती अक्षरांनी भरलेल्या. यज्ञांची नावे, दक्षिणेत दिलेल्या हजारो गाई, हत्ती, घोडे, कार्षापणे. सुमारे २००० वर्षांपूर्वीचे ते आकडे पोरे बोटाने शोधू लागली. मीही क्षणभर सारे विसरलो.

मग मागली भिंत पाहिली. वर नावे होती: सिमुक सातवाहन, नायनिका, सातकर्णी, एक महारठी. आणि खाली? खाली पावलांचे अवशेष. बाकी काही नाही.

ती मुलगी भिंतीकडे पाहत होती. मग तिने माझ्याकडे पाहिले आणि वहीत काही लिहिले. मी उगाच मोठ्या आवाजात प्राकृतातले विभक्तिप्रत्यय समजावू लागलो. परतीच्या वाटेवर तिने, "सर, घ्या ना," म्हणून चिक्की पुढे केली. ती घशाखाली उतरेना.

आठ दिवसांनी सहलीचे वृत्तांत तपासायला आले. तिने लिहिले होते, "मागल्या भिंतीवर पुतळे नाहीत, पावले तेवढी उरली आहेत. सर पूर्वी येऊन गेले तेव्हा पुतळे असावेत."

हा खट्याळपणा की सौजन्य, हे तीनदा वाचूनही मला कळेना. पुतळे नाहीसे होऊन शंभरांहून अधिक वर्षे लोटली आहेत. मी सेहेचाळीस वर्षांचा. लाल पेन्सिल बराच वेळ हातात तशीच राहिली. अखेर समासात लिहिले, "पुतळे तेव्हाही नव्हते. सरही नव्हते." आणि वही परत केली.