फोटोत बाया कुठं आहेत?



आपल्या ग्रुपवरचे फोटो जरा मागं सरकवत बघा. डोक्याच्या वर गेलेली तूर आणि शेजारी मालक. हार घातलेला नवा ट्रॅक्टर. गारपिटीनं झोडपलेली बाग. ई-पीक पाहणीचा फोटो तर २०२१ पासून काढावाच लागतो. मिरवायचं असलं, नुकसान दाखवायचं असलं, नाहीतर सरकारला पुरावा द्यायचा असला, तरच आपला मोबाईल खिशातून निघतो. रानात रोज जे चालतं त्याचा फोटो कुणाकडं सापडत नाही.

आणि रोजचं बरंचसं काम बायाच करतात. खुरपणी, कापूस वेचणी, कांद्याची लागण. प्रात्यक्षिक प्लॉट बघायला साहेब येतात तेव्हा फोटोत कोण? फलक, साहेब, मालक. बी टोकणारी बाई बांधावर उभी. साहेब लोकांनी राग मानू नका, पण हे असंच चालतं.

पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून राबणाऱ्या बायांचे फोटो काढले. सगळे काळे-पांढरे. ‘पारी’च्या वेबसाइटवर आहेत, जरूर बघा. कुणी नटून उभं राहिलेलं नाही, जो तो आपल्या कामात.

असा फोटो काढायला भारी मोबाईल लागत नाही, सवड लागते. ‘इकडं बघा, हसा’ म्हटलं की संपलं, बाई पदर सावरून खांबासारखी उभी राहते. आधी विचारायचं, मग तासभर आपणही पात धरायची. मोबाईलचा विसर पडला की मग काढायचा. उभ्यानं काढू नका, नुसत्या पाठी येतात. खुरपणाऱ्या बाईचं तोंड बघायचं तर आपणही खाली बसावं लागतं. भर दुपारी डोक्यावरच्या रुमालाच्या सावलीत चेहरा काळा पडतो, सकाळचं ऊन बरं. आणि हात विसरू नका. कापसाच्या वाळल्या बोंडाची टोकं बोटांना कशी ओरबाडतात ते हातच सांगतात.

‘फोटोनं पोट भरतं का?’ असं विचारणारे आहेत. नाही भरत. पण गावात एखादी म्हातारी गेली की बॅनरसाठी घरभर फोटो शोधतात, शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून लावतात. चाळीस वर्षं जिनं खुरपं धरलं तिचा रानातला एक फोटो घरात नसावा?

ग्रुपवर टाकायच्या आधी मात्र परत विचारा. आमच्याकडं वेचणीला येणारी एक आक्का म्हणाली, ‘टाक, पण फाटकं लुगडं दिसतंय तो नको.’ तो लगेच तिच्यासमोरच पुसला. दुसरा, हसू दाबत झोळी रिकामी करतानाचा, तिनंच निवडून दिला. तो खाली टाकलाय. तुमच्या रानातले येऊ द्या, तारीख आणि पीक लिहून.