मुंबईची सहल : पाहणे की उरकणे?

डिसेंबर उजाडला, की खेड्यापाड्यांच्या शाळांतून सहलीचे वारे वाहू लागतात. फळ्यावर स्थळांची यादी लागते : गेटवे ऑफ इंडिया, वस्तुसंग्रहालय, राणीची बाग, म्हातारीचा बूट, नेहरू विज्ञान केंद्र, जुहूची चौपाटी. यादी जितकी लांब तितके पैसे वसूल, असा पालकांचा हिशेब असतो. पण एका दिवसात एवढी मुंबई मुले खरोखर पाहतात काय, की नुसती उरकतात? हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी पाटण खोऱ्यातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. गेल्या वर्षी गावाकडच्या एका शाळेची सहल मुंबईला निघाली, तेव्हा मुलींबरोबर कुणी मोठे असावे म्हणून बाईंनी मला बोलावले. रात्रभर प्रवास, पहाटे मुंबई, दिवसभर शिट्टी आणि डोकी मोजणे, रात्री पुन्हा गाडी! वस्तुसंग्रहालयाच्या वाट्याला पाऊण तास आला. ती इमारत आणि १९२४ साली पुरे झालेले गेटवे, दोन्हींचा आराखडा जॉर्ज विटेट या एकाच वास्तुविशारदाचा. मुले दोन्ही ठिकाणी लागोपाठ उभी राहिली. पण ही साधी गोष्ट सांगायलाही कुणाला सवड नव्हती. मुलींचे हाल तर विचारूच नका. "नको ताई पाणी, मग जायचं कुठं?" असे म्हणत सातवीतल्या मुली संध्याकाळपर्यंत घोटभर पाण्यावर राहिल्या. परतल्यावर 'आमची सहल' हा निबंध झाला. चाळीस वह्या, पण निबंध एकच : 'आम्ही खूप मजा केली.'

वहीत न आलेली एक गोष्ट मात्र माझ्या मनात घर करून राहिली आहे. मस्जिद बंदरच्या बाजूला गाडी गर्दीत अडकली होती. डोक्यावर पोते घेतलेल्या एका हमालाकडे बोट दाखवून सहावीतला एक मुलगा म्हणाला, "ताई, माझं आबा बी असंच वझं उचलत्यात. हितंच असत्याल का?" मी काही बोलणार तोच गाडी सुटली आणि पुढच्या स्थळाचे नाव पुकारले गेले.

माझ्या मते त्या दिवशी मुंबईविषयी विचारला गेलेला तो एकच खरा प्रश्न होता. आमच्या खोऱ्यातल्या घराघराचे मुंबईशी नाते आहे. आमचे आजे-पणजे गिरण्यांत राबले, गावच्या खोल्यांत वीस-वीस जण मिळून राहिले. त्यांच्या मनीऑर्डरीवर इकडे चुली पेटल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले, आणि कितीतरी माणसे हात हलवीत गावी परतली. हमालांसाठी १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्याचा आधार आमच्याकडच्या अनेक कुटुंबांना मिळाला. कोयनेच्या पाण्यावर पोफळीला तयार झालेली वीजही मुंबईकडे गेली. ज्या शहरासाठी आपल्या माणसांनी एवढे केले, तिथे आपली मुले बुजलेल्या पाहुण्यासारखी रांगेत फिरतात आणि 'आपण गावंढळ' ही भावना घेऊन परततात. सहलीची खरी किंमत ही आहे, आणि ती कुठल्याच पावतीवर लिहिलेली नसते.

शिक्षकांची बाजूही समजून घ्यायला हवी. चाळीस पोरांची जबाबदारी डोक्यावर असताना कुणाला निवांतपणा सुचणार? शिवाय यांतली काही मुले पुन्हा कधी मुंबईला येतील याचा भरवसा नाही. मग जेवढे दाखवता येईल तेवढे दाखवावे, असे त्यांना वाटते. त्यांचा हेतू चांगलाच आहे. परंतु पंक्तीत दहा पदार्थ वाढले आणि एकही खाऊ दिला नाही, तर पोट भरेल का?

म्हणून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एका दिवसात तीनच ठिकाणे घ्यावीत. आठ दिवस आधी वर्गात मुंबईचा नकाशा टांगून मुलांकडूनच प्रश्न काढून घ्यावेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, हे मुलांना पाठ असते. तर मग त्याच बोरीबंदरला दुपारच्या कमी गर्दीत त्यांना लोकलमध्ये बसवावे. घारापुरीला न्यायचे तर अख्खी सकाळ द्यावी. ज्याने समुद्र पाहिलेला नाही त्याला तासभराचा बोटीचा प्रवास आणि आपल्या डोंगरांसारख्याच काळ्या कातळातून कोरलेली लेणी, एवढे एका दिवसाला पुष्कळ आहे! फक्त घारापुरी सोमवारी आणि राणीची बाग बुधवारी बंद असते, हे आधी पाहावे. नाही तर पेंग्विनच्या ओढीने गेलेली पोरे फाटकावरून परततील. दर दोन तासांनी मुलींसाठी स्वच्छतागृहाजवळ गाडी थांबावी. आणि गावचा एखादा माथाडी किंवा जुना गिरणी कामगार तासभर मुलांबरोबर असावा. त्याच्याइतका चांगला वाटाड्या दुसरा कुठे मिळणार?

शेवटचे मागणे पैशाचे. आमच्या सहलीला पाच मुले वर्गणीअभावी आली नाहीत. एसटी शालेय सहलींना निम्म्या भाड्यात गाडी देते. स्थळे कमी केली की खर्चही कमी होईल. उरलेले गावाने, मुंबईकर मंडळींनी आणि आपल्यासारख्या कॉलेजात पोहोचलेल्यांनी उचलावे. आपल्यापैकी अनेकांनी मुंबई अशीच गाडीच्या खिडकीतून पाहिली आहे. निदान आपल्या धाकट्या भावंडांना तरी ती गाडीतून उतरून, दोन घटका थांबून, आपली म्हणून पाहू द्या.