मोती कुठे गेला?



आपल्या इंदूरच्या जुन्या घरांवर हल्ली पुष्कळ जण कथा लिहून राहिले आहेत. चांगली गोष्ट आहे. रामबाग येते, राजवाडा येतो, ओटल्यावरच्या गप्पा येतात, सकाळचे पोहे तर येतातच. आणि दुसऱ्या परिच्छेदात हमखास एक मोती, नाहीतर मनी, नाहीतर पिंजऱ्यातला मिठू येतो. मोती शेपूट हलवतो, आजी त्याला पोळी घालते, वाचणारा खूश. पुढे मुलीचं लग्न होतं, आजोबा जातात, भाऊ वाटणीवरून भांडतात, वाडा विकून सगळे फ्लॅटमध्ये जातात. आणि मोती? त्याचा पत्ताच नाही. मेला, हरवला की अजून ओटल्यावरच बसलाय, काही कळत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. जनावर कथेत आणलंत तर शेवटपर्यंत सांभाळा. जमत नसेल तर आणूच नका.

यावर ठरलेलं उत्तर येतं : "काका, कथा माणसांची आहे, कुत्रा नुसता वातावरणासाठी." वातावरणासाठी झोपाळा टांगा, घंगाळ ठेवा. त्यांना दोन वेळा खायला लागत नाही. कुत्र्याला लागतं. घरात मयत झालं, चार दिवस चूल पेटली नाही, तर त्या चार दिवसांत मोतीला कोणी खायला घातलं? हा प्रश्न लेखकाला पडला नाही, तर त्याने ते घर डोळ्यांसमोर आणलंच नाही, असं मी समजतो.

दुसरं उत्तर : "मोठमोठे लेखकही विसरतात." विसरतात, खरं आहे. शेरलॉक होम्सच्या पहिल्या कादंबरीत, म्हणजे १८८७ साली, होम्सबरोबर खोली घेण्याआधी वॉटसन स्वतःचे दोष सांगतो, त्यात आपण कुत्र्याचं पिल्लू पाळतो असंही सांगतो. ते पिल्लू पुन्हा कधीच दिसत नाही. होम्सचे भक्त आजवर त्यावर वाद घालतात. काही तर म्हणतात, ते पिल्लू नव्हतंच, रागीट स्वभावाबद्दलचा वाक्प्रचार होता. लेखकाने एक ओळ लिहिली असती तर हा खटाटोप वाचला असता. पण त्याच कॉनन डॉयलने १८९२ च्या 'सिल्व्हर ब्लेझ' कथेत रात्री कुत्रा भुंकला नाही, एवढ्यावरून गुन्हा उलगडून दाखवला. म्हणजे लक्ष ठेवलं की कुत्रा कथा तोलून धरतो. थोरांचं उदाहरणच घ्यायचं तर हे घ्या ना!

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ सरमेच्या निरपराध पिल्लाला मारतात. ते रडत आईकडे जातं, ती येऊन जाब विचारते आणि शाप देते. शेवटी महाप्रस्थानात पाच भाऊ, द्रौपदी आणि सातवा कुत्रा निघतात. एकेक जण पडत जातो, कुत्रा मात्र मागे चालत राहतो, आणि त्याला सोडून स्वर्गात यायला युधिष्ठिर नकार देतो. एवढ्या अफाट ग्रंथात कुत्र्याचा हिशेब चुकत नाही, आणि आपल्या आठ पानांत चुकतो? प्रेमचंदांच्या 'पूस की रात'मधला जबरा आठवा. थंडीत तो हल्कूला ऊब देतो आणि नीलगायी शेतात शिरल्यावर एकटा भुंकत धावतो. हल्कू शेकोटीपाशीच बसून राहतो. कुत्रा काढून टाका, कथा अर्धी होते.

हे काम अवघड नाही. कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षं जगतो. आत्याच्या लग्नातला मोती तिच्या नातवाच्या मुंजीत दिसला तर तो दुसरा मोती असला पाहिजे, तसं लिहा. मनी असेल तर पिल्लं होणार, ती कोणाकडे गेली? मिठू वीस-पंचवीस वर्षंही काढतो. पण कथा आजची असेल तर लक्षात ठेवा, देशी पोपट पाळणं आता वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. कोण खायला घालतं, रात्री कुठे झोपतो, कोणाचं ऐकतो, एवढं ठरवलंत तरी जनावर हरवत नाही. "त्याच पावसाळ्यात मोती गेला," एवढी ओळसुद्धा पुरते.

आता खरं दुखणं. आपल्या कथांतला मोती बहुधा वाडा विकतानाच गायब होतो. हा योगायोग नाही. सोसायटीत कुत्रा चालणार नव्हता, म्हणून कित्येक घरांनी तो तिथेच, बिल्डरच्या पत्र्याबाहेर सोडला. ते लिहायला लाज वाटते, म्हणून लेखक गप्प बसतो. पण कथेचा जीव तिथेच आहे! वाटणीच्या भांडणावर तुम्ही चार पानं खर्च करता. ट्रकमागे मोती किती लांब धावला आणि ट्रकमधून कोणी मागे वळून पाहिलं, हे चार ओळींत लिहा. कोण कसा होता ते वाचणाऱ्याला आपोआप कळेल.

मी कॉमर्सचा माणूस, साहित्याचा नाही. रुचलं नाही तर खुशाल भांडा. पण पुढची कथा टाकण्याआधी एकदा मागे जाऊन आपला मोती शोधून या.